ताईचा गुडघा आणि योपची पट्टी

किस्से कुणी ठरवून साठवत नाही. स्वयंपाकघरातल्या खणात डब्यांची झाकणं साठतात ना, तसे ते साठतात. डबा कधी हरवला ते आठवत नाही, झाकण मात्र टाकवत नाही! आमच्या ऑफिसातल्या स्कीच्या यादीबद्दलची अशी सहा-सात झाकणं माझ्याकडे जमली आहेत. सध्या घरात बोलायला कुणी नाही, म्हणून ती काढतो, पुसतो आणि परत ठेवतो. आज तुम्ही सापडलात!

आधी मंडळी सांगतो, फार नाहीत. मी नितीन, मूळचा चिंचवडचा, सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये. ऑफिस आम्स्टरडॅम स्लोटरडाइकला आणि घर रॉटरडॅमजवळ, कापेल आन डेन आयसेलला. नोकरी बदलली, घर बदलायचं राहिलं. प्रसाद डोंबिवलीचा, स्नेहा ठाण्याची, दोघंही माझ्याच टीममध्ये. बायको अर्चना माझ्या सासऱ्यांच्या आजारपणामुळे मार्चपासून पुण्यात आहे. मुलगी सई नायमेखनला युनिव्हर्सिटीत, तिथेच राहते.

आणि योप. योप डच, वय त्रेसष्ट, आमचा रिलीज मॅनेजर. शर्टाच्या खिशात कायम सहा इंची स्टीलची पट्टी. रेघ मारायची वेळ आली की माणूस तयार हवा, असं त्याचं म्हणणं.

* * *

हा देश इतका सपाट आहे की सायकलने कालव्यावरचा पूल चढलो की मला ट्रेकिंग केल्यासारखं वाटतं. पण इथल्या माणसांना स्कीचं वेड विचारू नका! आमच्या ऑफिसात कॉफीमशीनशेजारी योप दर हंगामाचा एक कागद उन्हाळ्यातच लावतो. त्यावर प्रत्येकाचं नाव आणि पुढे त्याने निवडलेला एक स्की-रेसर. त्या रेसरला हंगामभर जे गुण मिळतील ते तुमचे. जिंकणाऱ्याच्या टेबलावर वर्षभर योपचा तीस वर्षांपूर्वीचा स्कीचा बूट राहतो. त्याला अजून वास येतो.

नियम थोडे आहेत, पण दगडावर कोरलेले. पहिल्या शर्यतीला सुरुवात होईपर्यंत रेसर बदलता येतो, मात्र स्वतःच्या हाताने, त्याच कागदावर. आणि तुमचा रेसर पहिल्या शर्यतीत उतरलाच नाही, तर तुमच्या नावावर रेघ. पट्टीने, सरळ. मग त्या हंगामापुरते तुम्ही बाद.

एका वर्षी प्रसाद बदल लिहायला चार मिनिटं उशिरा पोचला. ट्रेन लेट होती. त्याने मोबाइलवर रेल्वेचा मेसेजही दाखवला. योपने तो चष्मा लावून नीट वाचला आणि म्हणाला, "ट्रेनचं वाईट वाटलं." मग पट्टी काढली.

* * *

माझा रेसर कसा ठरला तेही ऐका. मी पहिल्यांदा यादीत आलो तेव्हा मला एकाचंही नाव माहीत नव्हतं. योपने मोबाइलवर एक व्हिडिओ लावला आणि म्हणाला, "निवड." एक स्विस मुलगी उतरायच्या आधी डोळे मिटून काहीतरी पुटपुटत उभी होती. सई दहावीच्या वयात परीक्षेआधी अगदी अशीच उभी राहायची. मी म्हटलं, "ही."

तिचं आडनाव मला आजही धड उच्चारता येत नाही. प्रसादने परस्पर तिचं बारसं केलं, "आपण ताई म्हणू." तेव्हापासून ती ताई! आणि ताई निघाली जगातल्या पहिल्या दोन-तिघींतली. गेल्या हिवाळ्यात बूट माझ्या टेबलावर आला.

पण बुटाचं काय घेऊन बसलात? खरी गोष्ट वेगळी आहे. हंगामात दर सोमवारी साडेनऊला योप कॉफीमशीनपाशी यादी मोठ्याने वाचतो. प्रत्येकाचं नाव आणि गुण. "नितीन, शंभर." "नितीन, ऐंशी." आता खरं सांगतो, अर्चना गेल्यापासून मला आठवडाभर कुणी नावाने हाक मारत नाही. घरी कुणी नाही, ट्रेनमध्ये कुणी ओळखीचं नाही आणि कॉलवर मला 'टेस्टिंग' म्हणतात. "टेस्टिंग, यू आर ऑन म्यूट!" यंदाचा उन्हाळा फार लांबला. हंगाम कधी सुरू होतो आणि सोमवारी माझं नाव कधी कानावर पडतं, याची मी एखाद्या पोरासारखी वाट बघत होतो.

* * *

ऑगस्टच्या शेवटी बातमी आली. ताई सरावासाठी चिलीला गेली होती, तिथे पडली. डाव्या गुडघ्याचं लिगामेंट फाटलं.

दहा मिनिटांत कॉफीमशीनपाशी परिषद भरली. जायंट स्लॅलम, म्हणजे वळणावळणाची शर्यत, आता कोण मारणार? वेगाच्या शर्यतींत त्या दोघी ऑस्ट्रियन पुढे जाणार का? ताई जानेवारीत परतली तरी अर्धा हंगाम गेलेला आणि परतली तरी पहिल्याच वळणाला तिला गुडघा आठवणार! प्रसादने तर जेवणाच्या सुट्टीत एक्सेलमध्ये 'इम्पॅक्ट अ‍ॅनालिसिस' करून पाठवलं. एका रकान्यात ज्याच्यावर परिणाम होणार तो, दुसऱ्यात परिणाम किती. स्विस टीम, मीडियम. ऑस्ट्रियन टीम, फायदा. जाहिरातदार, मीडियम. सगळ्यात खालची ओळ लाल रंगात होती. नितीन, हाय!

मी पण हसलो. दुसरं काय करणार?

स्नेहा एकटी हसली नाही. म्हणाली, "तिच्या घरी कोण आहे रे? करायला?" मग मी घरी जाताना ट्रेनमध्ये पाच-सहा वेबसाइट पालथ्या घातल्या. हंगामाचं काय होणार हे प्रत्येकीवर होतं. ताईच्या घरी कोण आहे, हे कुठेच नव्हतं.

* * *

मग स्नेहाने आणि मी एक उद्योग केला. आंबेहळद आणि रक्तचंदन! मुका मार असो की मुरगळ असो, आपल्याकडे लेप लावल्याशिवाय माणूस बरा होतो का? स्नेहाच्या आईने ठाण्याहून पाठवलेल्या पुड्या होत्या. त्या आम्ही नीट बांधल्या, सोबत इंग्रजीत पत्र लिहिलं आणि ताईच्या फॅनक्लबच्या पत्त्यावर पाठवून दिल्या. फाटलेलं लिगामेंट लेपाने जुळत नाही हे आम्हालाही कळतं हो, दोघंही इंजिनिअर आहोत! पण भेटायला जाता येत नाही, मग काहीतरी तर पाठवायला हवं.

एक चूक झाली. लेप कसा करायचा हे पत्रात सविस्तर लिहिलं होतं, पण पत्र घाईत माझ्याच बॅगेत राहिलं.

महिन्याभराने फॅनक्लबच्या सेक्रेटरीबाईंचं कार्ड आलं. ताईच्या सहीचा फोटो आणि खाली दोन ओळी. "मसाल्याबद्दल मनापासून आभार. तिच्या आईने पिवळा मसाला भोपळ्याच्या सूपमध्ये घातला. चव लक्षात राहण्यासारखी होती."

स्नेहा फोनवर हसून हसून रडली. मला मात्र त्या कार्डातलं एकच वाक्य पुन्हा पुन्हा वाचावंसं वाटलं. आई होती तर तिच्याजवळ! बरं झालं.

* * *

आता माझ्या पराक्रमाकडे येतो. सप्टेंबरात टीमची सहल निघाली एका इनडोअर स्की-हॉलला. मोठ्या गोदामात खोटा उतार आणि त्यावर बर्फ. योप पुढे, आम्ही मागे. नवशिक्यांना वर न्यायला रबरी पट्टा असतो, त्यावर नुसतं उभं राहायचं, तो तुम्हाला वर नेतो. माझ्यापुढे एक सहा वर्षांची मुलगी होती, मागे प्रसाद. मी उभा राहिलो, मागे वळून प्रसादला म्हटलं, "सोपं आहे रे!" आणि आडवा झालो. उजवा गुडघा खाली, स्की वर, माझ्यावर प्रसाद.

लोक उतरताना पडतात. मी चढताना पडलो!

प्रसाद माझ्या अंगावरून उठत म्हणाला, "ताईचा डावा, तुझा उजवा. आता जोडी पूर्ण झाली." त्या सहा वर्षांच्या मुलीने मला हात देऊन उठवायचा प्रयत्न केला, ते जास्त लागलं.

हाउसआर्ट्स, म्हणजे इथला फॅमिली डॉक्टर, त्याने गुडघा दाबून पाहिला, ताणला गेलाय म्हणाला आणि विचारलं, "घरी जिना आहे का?" मी म्हटलं, "तिसरा मजला, त्रेचाळीस पायऱ्या, लिफ्ट नाही." डच जिना ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायला नको. पाऊल आडवं टाकावं लागतं, शिडीच ती. डॉक्टर थोडा वेळ विचार करून म्हणाला, "मग शक्यतो खाली उतरू नका." म्हटलं, हे मलाही सुचलं असतं!

* * *

सहा आठवडे घरून काम. आठवड्यातून एकदा फिजिओसाठी खाली उतरायचो, बसून, एकेक पायरी. आम्स्टरडॅमचं नावच सोडा. सुपरमार्केटचा डिलिव्हरीवाला वर पिशव्या ठेवून "फाइने दाख!" म्हणायचा, छान दिवस जावो. कधीकधी तेवढंच दिवसभराचं संभाषण. एकदा मी त्याला उत्तर द्यायला गेलो तर घसा बसल्यासारखा आवाज निघाला. दुपारचे चार वाजले होते आणि मी त्या दिवशी पहिल्यांदाच तोंड उघडत होतो.

अर्चना रोज व्हिडिओ कॉल करायची. तिला मी "बरंच बरं आहे" असं सांगायचो. तिच्याकडे एक आजारी माणूस होता, दुसरा कशाला द्यायचा?

सईला मेसेज केला, "जमलं तर एखाद्या शनिवारी ये ना." ती मराठीत विचारलेल्याला निम्मं डच, निम्मं इंग्रजी उत्तर देते. लगेच हृदयाचं चित्र आलं, मागे "स्टेर्कते, पप!" म्हणजे धीर धर, बाबा. आणि मग, "तारीख पाठव, मी माझी अजेंडा बघते." अजेंडा म्हणजे इथे डायरी. पोरगी चांगली आहे हो, खरंच चांगली आहे. इथे सगळे असंच बोलतात. मी तारीख पाठवली नाही. स्वतःच्या मुलीला कुठली तारीख द्यायची हे मला ठरवताच आलं नाही.

ऑफिसातून सगळ्यांच्या सह्यांचं कार्ड आलं. वर मोठ्या अक्षरात 'लवकर बरा हो'. आत प्रसादने कार्ड न बघता सही ठोकलेली, "मेनी हॅपी रिटर्न्स ऑफ द डे!" ते मी फ्रिजवर लावलंय.

* * *

अजेंडावरून आठवलं. अर्चना इथे होती तेव्हा मी योपला म्हटलं होतं, "ये रे घरी जेवायला." त्याने डायरी काढली, पानं उलटली आणि म्हणाला, "सात आठवड्यांनी गुरुवार. सहा ते साडेसात?"

आला. सहा म्हणजे सहा. दारात आमच्या चपला बघून त्याने बूट काढले. अर्चनाने पुरणपोळ्या केल्या होत्या. दोन खाल्ल्या, तिसरी तव्यावरून थेट ताटात पडली तेव्हा साडेसातला एक मिनिट कमी होतं. योपने घड्याळ बघितलं, पोळी बघितली, रुमालात गुंडाळली आणि उठला! अर्चना दारापर्यंत तुपाची वाटी घेऊन धावली. खाली रस्त्यावर पोळी खात चाललेला योप आम्ही दोघांनी खिडकीतून बघितला. अशा गोष्टीला दोघं हवेत हसायला.

* * *

यंदाच्या दसऱ्याचा किस्सा मी पाहिलेला नाही, स्नेहाने फोनवर सांगितला. तिने ऑफिसात सगळ्यांच्या लॅपटॉपला हळदकुंकू वाहिलं, आणि माझ्या रिकाम्या टेबलावरच्या त्या बुटालाही झेंडूचा हार घातला. योप बराच वेळ हारवाल्या बुटाकडे बघत राहिला. स्नेहाला वाटलं, चिडणार. तर तो म्हणाला, "चांगलं दिसतं. दर वर्षी करायचं का?" आणि तिथल्या तिथे सगळ्यांना दर वर्षी याच तारखेचं कॅलेंडर इन्व्हाइट पाठवायला बसला. स्नेहाने सांगितलं, तारीख दर वर्षी बदलते, चंद्रावर असतं.

योपचा हात कीबोर्डवर थांबला. "आणि चंद्र आधी कळवत नाही?"

इथपर्यंत स्नेहा हसत होती. मग म्हणाली, "दादा, त्याने तुझंही विचारलं. म्हणाला, पहिल्या शर्यतीच्या आत बदल लिहायला येता येईल का त्याला? मी म्हटलं, त्याला जिना उतरता येत नाही, आम्स्टरडॅमला कुठून येणार! तुझ्या वतीने मी लिहिते म्हटलं, तर नाही म्हणाला. स्वतःच्या हाताने, असा नियम आहे."

"मग?"

"मग काय, बाहेर पट्टी आली नाही अजून. पण येणार रे. शनिवारी दहाला शर्यत आहे, ताई काही उतरत नाही."

फोन ठेवला आणि मला एकदम रडू आलं. शेहेचाळीस वर्षांचा माणूस, एका कागदावरच्या नावासाठी! पण त्या नावावर रेघ आली की हिवाळाभर सोमवारी मला हाक मारणारं कुणी उरत नव्हतं. आणि ताईचा रागही येईना. गुडघा गेला म्हणून दोन दिवसांत सगळ्यांनी तिला सोडलं होतं. ऑफिसात जात होतो तेव्हाही 'उद्या बदलू' म्हणत राहिलो होतो; आता माझा हात त्या कागदापर्यंत पोचला असता, तरी तिचं नाव खोडायला तो उचलला गेला असता की नाही, कुणास ठाऊक.

* * *

शेवटचा किस्सा त्या शनिवारचा.

सकाळी लॅपटॉपवर शर्यत लावून, पाय उशीवर ठेवून बसलो होतो. दहाला वीस मिनिटं असताना खालची बेल वाजली. डिलिव्हरी त्या दिवशी नव्हती. इंटरकॉम उचलला.

"योप."

मला वाटलं, मी कुठली तरी अपॉइंटमेंट विसरलो. योप राहतो पुर्मरेंडला, म्हणजे आम्स्टरडॅमच्याही वर. माझं घर रॉटरडॅमला. जिन्यावर त्याची पावलं मोजत बसलो. एकविसाव्या पायरीला तो थांबला, दम घेतला, पुन्हा निघाला.

दारात आला. बूट काढले. काखेत कागदाची गुंडाळी.

"इथून जातच होतो," तो म्हणाला.

पुण्याहून लोणावळ्याला निघालेल्या माणसाने सोलापुरात येऊन हे सांगावं, तसं ते होतं. त्याने गुंडाळी टेबलावर उलगडली. यादी! कोपऱ्यांना टाचण्यांची भोकं आणि एका कडेला कॉफीचा डाग. भिंतीवरून ती काढलेली मी कधीच पाहिली नव्हती. योपने माझ्या हातात पेन दिलं.

"बदलायचं असेल तर बदल. अकरा मिनिटं आहेत."

मी पेन घेतलं. त्या दोघी ऑस्ट्रियन रिकाम्या होत्या, कुणीच निवडल्या नव्हत्या. माझ्या नावापुढे माझ्याच अक्षरात ताईचं नाव होतं, आडनावात दोन ठिकाणी खाडाखोड. लॅपटॉपवर पहिली मुलगी उतरायला सज्ज होत होती. मी पेन खाली ठेवलं.

"ताईच राहू दे."

"ती उतरणार नाही."

"माहीत आहे."

"नियम माहीत आहे?"

"माहीत आहे, योप."

दहा वाजले. पहिली मुलगी सुटली. योपने शर्टाचा खिसा चाचपला, मग पँटचे दोन्ही. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "पट्टी घरी राहिली."

त्याच्या कोपराखालच्या खणात सईची शाळेतली कंपासपेटी होती आणि तिच्यात पट्टी होती. मी तो खण उघडला नाही. शेवटी राहवलं नाही म्हणून म्हटलं, "नुसती पेनाने मार."

"वाकडी येईल," योप म्हणाला. "नियमात सरळ लिहिलंय."

मग आम्ही शर्यत बघितली. मी लंगडत चहा केला, आलं घालून. त्याने दोन कप घेतले. मधेच एकदा टीव्हीवाल्यांनी ताईला दाखवलं. कुबड्या घेऊन कठड्याबाहेर उभी होती आणि कुणाला तरी हात करत होती. योप म्हणाला, "नितीन, बघ." साडेबारा झाले तरी तो उठला नव्हता.

निघताना त्याने डायरी काढली. "पुढची शर्यत तीन आठवड्यांनी, शनिवार. पावणेदहा?"

मीही माझी डायरी काढली. तिच्यात काहीच लिहिलेलं नव्हतं, तरी पान उलटून बघितलं. "जमेल," म्हटलं.

योपने कोट घातला, यादी काखेत मारली आणि बूट घालायला वाकला. कोटाच्या आतल्या खिशातून स्टीलच्या पट्टीचं टोक बाहेर आलं. त्याने ते बोटाने आत ढकललं आणि नाडी बांधत राहिला.

मी म्हटलं, "योप, जपून उतर. जिना फार उभा आहे."